दाजी आणि मधली जागा

दोन वस्तूंच्या मधल्या मोकळ्या जागेवर आमच्या दाजींइतका जीव लावणारा माणूस साऱ्या हैदराबादेत दुसरा झाला नसेल, आणि झाला असेल तर देव त्याच्या बायकोचं भलं करो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जामबागेतल्या एका सरकारी शाळेत ते पदार्थविज्ञान शिकवायचे. लोकांना रस्त्यावर घरं दिसतात, दाजींना दोन घरांमधला बोळ दिसायचा. ताटात भाजी आणि चटणी वाढली की मधे किती जागा सुटली ते आधी बघायचे, आणि भाजीचा रस तिथं ओघळला की त्यांचं जेवणातलं लक्षच उडायचं. घरात पाहुणा आला की तो खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच ह्यांचा प्रश्न तयार: "कंडेन्सरच्या दोन पत्र्यांवर वीज चढवली, तर तिची ताकद राहते कुठं? पत्र्यांत, की मधे?" पाहुणा बिचारा लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असायचा. तो म्हणायचा, "पत्र्यांत असेल." झालं! दाजी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायचे, "चहाची घाई नाही गं." आणि एखादा चुकून "मधे" म्हणाला, तर त्याला चहा, बिस्किटं, वर जेवूनच जायचा आग्रह. आमचे हे मुळातच हिशेबी. त्यांनी पहिल्याच भेटीत "मधे" म्हणून टाकलं आणि त्या घरात कायमचा मान मिळवला. का मधे, असं दाजींनी पुढं विचारलं तेव्हा ह्यांना अचानक खोकला आला होता.

कंडेन्सर म्हणजे काय ते आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, इतकं ते माझ्या कानांवरून गेलेलं आहे. धातूचे दोन पत्रे समोरासमोर धरायचे, पण एकमेकांना शिवू द्यायचे नाहीत. मधे हवा, काच, मेण, असं काहीतरी ज्यातून वीज पार जात नाही. मग एका पत्र्यावर एका जातीची वीज, समोरच्यावर दुसऱ्या जातीची. दोघी एकमेकींकडे झेपावायला बघतात आणि मधली जागा त्यांना जाऊ देत नाही. ह्या ओढाताणीचा ताण त्या मधल्या जागेत भरून राहतो, आणि ज्याला आपण साठवलेली वीज म्हणतो तिचं सगळं बळ तिथं असतं. मोकळ्या दिसणाऱ्या जागेत. मला विचाराल तर ह्यात एवढं वेडं होण्यासारखं काही नाही. पण दाजी ते सांगताना आवाज खाली आणायचे, घरातलं गुपित सांगावं तसे.

हे वेड लग्नाआधीचं. बोहल्यावर भटजींनी मंगलाष्टकं संपवली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आता अंतरपाट बाजूला होणार, तर पलीकडून नवरदेवाचा आवाज आला, "जरा थांबा. एक मिनिट असंच राहू द्या." आमच्या वडिलांना वाटलं, पोराचं मन फिरलं. त्यांच्या कपाळावर घाम. मग अंतरपाट खाली आला, हार पडले, वडिलांचा जीव भांड्यात पडला. पुढं कितीतरी दिवसांनी ताईनं विचारलं, तेव्हा दाजी अगदी शांतपणे म्हणाले, "दोन पाटांवर दोन माणसं, मधे कापड. सगळी ताकद त्या कापडात असते. कापड काढलं की संपलं." ताईनं मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती की रडत होती ते मला नीट कळलं नाही. बहुधा दोन्ही.

गौलीगुड्यात आम्हा दोघी बहिणींची घरं एकाच अंगणात होती, त्यामुळं दाजींच्या प्रयोगांचा प्रसाद आम्हालाही मिळायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत एक मोडका तराजू आणि एक भिंग, एवढाच संसार. बाकी सगळं सामान दाजी ताईच्या स्वयंपाकघरातून उभं करायचे. लग्नात आलेल्या दोन पितळी ताटल्या कंडेन्सरचे पत्रे झाल्या. त्यांना धरायला मुठी हव्यात, त्याही वीज न जाणाऱ्या. म्हणून दाजी लाड बाजारातून बांगड्यावाल्यांकडची लाख वितळवून घेऊन आले, आणि ती ज्या कढईत पुन्हा वितळवली त्या कढईतल्या भाजीला पुढं सणासुदीलासुद्धा लाखेचा वास यायचा. वीज आली की कळावं म्हणून काचेच्या बाटलीत चांदीच्या वर्खाच्या दोन पट्ट्या टांगल्या. वीज पोचली की त्या एकमेकींपासून दूर सरकायच्या. वर्ख कुठून, तर मिठाईवरून. गल्लीत कुणाकडं मुलगा झाला की दाजी बर्फी खायचे नाहीत, बर्फी सोलायचे.

लोणच्याच्या एका मोठ्या काचेच्या बरणीला त्यांनी आतून-बाहेरून सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद चिकटवला आणि झाकणातून एक पितळी गोळी वर काढली. स्वतः सुपारीसुद्धा न खाणारा हा माणूस पानाच्या ठेल्यावर उभा राहून लोकांना "अजून एक ओढा की" असा आग्रह करायचा. लाख लोकरीवर घासून घासून ती बरणी विजेनं भरली होती आणि कट्ट्यावर ठेवली होती, तेवढ्यात समोरच्या घरातल्या मावशीबाई कैरीचं लोणचं मागायला आल्या. बरणी दिसली, घातला हात! जो काही झटका बसला तो बसला, मावशीबाई "अगं माय गं!" म्हणून अंगणात येऊन उभ्या. ताईनं दाजींना असं काही बोलून घेतलं की अंगणातली कबुतरंसुद्धा उडाली. पण खरी गंमत पुढची. दुसऱ्या दिवशी मावशीबाई लवकर उठून आल्या आणि हळूच दाजींना म्हणाल्या, "मास्तर, ह्या गुडघ्याला बरं वाटलं हो. आता त्या गुडघ्याला एक द्या." दाजी त्यांना समजावत बसले की हे औषध नव्हे. मावशीबाई ऐकेनात. शेवटी दाजींनी रिकाम्या बरणीला त्यांचं बोट लावून दिलं, आणि त्याही गुडघ्याला बरं वाटलं.

ताईचं आणि माझं भांडण ही त्या अंगणातली रोजची गोष्ट. वाळवण कुणाच्या दोरीवर, कोथिंबीर कुणी संपवली, माहेरचा पाटा कुणाकडं असावा, काहीही पुरायचं. दुसरा कुणी मेहुणा असता तर मधे पडला असता. दाजी मधे पडायचे नाहीत. ते बाहेर यायचे, आम्हा दोघींकडे बघायचे, आणि म्हणायचे, "मास्तरीणबाई, तुम्ही तिकडे तुळशीपाशी बसा. तू इकडे जिन्यावर. फार जवळ आलात तर मधली हवा फुटते आणि ठिणगी पडते. मग उरत काही नाही." मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते म्हणून मी मास्तरीणबाई. असला राग यायचा त्यांचा! भांडण ताईशी असायचं आणि मी दात-ओठ खायची दाजींवर. पण तुळशीपाशी जाऊन बसले की थोड्या वेळानं तिथून ताईशी बोलायला जमायचं, हेही खरं.

शाळेत दाजी उष्णता आणि प्रकाश दोन-चार दिवसांत उरकायचे आणि मग कंडेन्सरवर मुक्काम ठोकायचे. त्यांचा विद्यार्थी कधी परीक्षेत पहिला आला नाही, पण ताकद कुठं राहते हे मात्र त्यातल्या अगदी ढ पोरालाही ठाऊक असायचं. शिकवायचं सगळं उर्दूतून. दाजींचं घर मराठी, आजोबा मराठवाड्यातले, पण शाळा, कॉलेज, नोकरी सगळं इथं आणि सगळं उर्दूत. भाजी मराठीत मागायचे, टांगेवाल्याशी दखनीत हुज्जत घालायचे, दूधवालीशी तेलुगूत बोलायचे, आणि वीज म्हटली की गाडी उर्दूवर. विजेच्या ताणानं भारलेली ती मधली जागा म्हणजे 'बर्क़ी मैदान', ताकद म्हणजे 'तवानाई'. मराठीत तेच सांगा म्हटलं तर माणूस गडबडून जायचा.

आणि नेमकी तीच वेळ आली. निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती, आणि आता भाषेप्रमाणे नवी राज्यं करायचं ठरलं. आपल्या राज्याचे तीन तुकडे होणार, मराठवाडा मुंबईला जोडणार, ही बातमी आमच्या ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली. अंगणातले सगळे एकदम बोलायला लागले. दाजींनी एवढंच विचारलं, "आणि मधे काय ठेवणार?" मराठी नोकरदारांपुढं मात्र वेगळाच सवाल आला: इथं राहणार की तिकडे जाणार? इथं राहिलं तर शाळेत हळूहळू तेलुगू येणार, उर्दूतून शिकवणाऱ्या मराठी मास्तरांना कचेरीत टेबलावर कारकुनीला बसवणार, असं शाळेत बोललं जात होतं. तिकडे गेलं तर शिकवायला मिळणार, पण मराठीतून. म्हणजे गंमत बघा, दाजींना स्वतःच्या भाषेच्या राज्यात जायचं होतं आणि भीती वाटत होती ती स्वतःच्याच भाषेची.

ताईचं उत्तर ठरलेलं होतं. "मी कुठ्ठं येत नाही. माझी बहीण इथं आहे. तिकडे मी भांडू कुणाशी?" आमच्या ह्यांची नोकरी गौलीगुड्यातल्याच कापडाच्या पेढीत, तेव्हा आमचं हलायचं काही कारण नव्हतं. आम्ही दोघी बहिणी कधी वेगळ्या गावी राहिलेल्या नव्हतो. धाकटीला थोरलीच्याच अंगणात द्यायची म्हणून वडिलांनी माझी दोन चांगली स्थळं नाकारली होती. दाजींनी ताईशी वाद घातला नाही. ते अंगणात आले आणि मला म्हणाले, "मास्तरीणबाई, आपण असं करू. तुम्ही मला कंडेन्सरचा धडा मराठीत बसवून द्या. मग एका संध्याकाळी मी तो इथं अंगणात घेतो. तुम्ही परीक्षक. पास केलंत तर मी तिकडे जातो. नापास केलंत तर इथं टेबलावर बसतो, परत नाव काढत नाही." ताईला वाटलं, बरं झालं. माझ्या हातून आजवर सहज कुणी पास झालेलं नव्हतं.

मग आमच्या शिकवण्या सुरू झाल्या. मी म्हटलं, "मैदान म्हणू नका हो, पोरं चेंडू आणतील. क्षेत्र म्हणा." दाजी म्हणाले, "क्षेत्र म्हटल्यावर पोरं आंघोळ करून येतील." मग आम्ही ठरवलं, आधी सरळ 'मधली जागा' म्हणायचं, पोरांना ती दिसू लागली की मग क्षेत्र. तवानाईचं आधी ताकद केलं, मग ऊर्जा. ते चुकायचे, कान पकडायचे, पुन्हा म्हणायचे. कधी वाक्य मधेच उर्दूत घसरलं की स्वतःच "नक्को नक्को, परत" म्हणून पहिल्यापासून सुरू. वर्गात मुली अशा वागतात तेव्हा मला आनंद होतो. दाजी सुधारत होते ते मला नको होतं. एकेक वाक्य नीट बसवून मी आपल्या हातांनी माझी बहीण परगावी धाडत होते, हे मला कळत का नव्हतं? कळत होतं. आणि तरी चुकीचं वाक्य कानावर आलं की मला ते दुरुस्त केल्याशिवाय राहवायचं नाही. मास्तरकीची खोड आहे ही, जात नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ताई माझ्याकडे बगारा बैंगन घेऊन आली. मला आवडतात म्हणून, वर भरपूर तेल. वाटी ठेवली आणि म्हणाली, "खा. आणि संध्याकाळी त्यांना नापास कर."

"ताई, अगं..."

"अगं-बिगं काही नाही. तुला चुका काय सापडायच्या नाहीत? माझ्या पत्रात काढायचीस की! वाण्याच्या यादीतसुद्धा!"

मी वांगी खाल्ली. नापास करायचं कबूलही केलं. खोटं कशाला सांगू, मलाही तेच हवं होतं.

संध्याकाळी अंगणात सतरंजी पडली. आमचे हे, ताई, मी, आणि गुडघ्यांची आशा धरून मावशीबाई. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. चौरंगावर त्या दोन ताटल्या समोरासमोर, अगदी जवळ, पण शिवलेल्या नाहीत. एक तारेनं वर्खाच्या बाटलीला जोडलेली, दुसरीची तार जमिनीत. त्यांनी लाख घासून वीज चढवली. वर्खाच्या पट्ट्या जेमतेम हलल्या. दाजींनी सुरुवात केली आणि मी मनात चुका मोजायला घेतल्या. पहिल्या वाक्यात विजेऐवजी 'बर्क़' आलं. एक. पुढं एक लिंग चुकलं. दोन. चला, काम सोपं होतं.

मग दाजींनी जमिनीला जोडलेली ताटली लाखेच्या मुठीनं धरली आणि दुसरीपासून हळूहळू दूर न्यायला लागले. "आता बघा," ते म्हणाले. "मी नवीन वीज घातलेली नाही. आहे तेवढीच आहे. मी फक्त ह्या दोघींना लांब नेतो आहे." बाटलीतल्या वर्खाच्या पट्ट्या उघडायला लागल्या. ताटली जितकी दूर जाई तितक्या त्या फाकत जात. मावशीबाईंनी हात जोडले. "ह्या दोघी एकमेकींना ओढतात. ती ओढ इतकी बारीक आहे की माझ्या हाताला कळत नाही, पण वर्खाला कळते. ती ओढ मोडून लांब न्यायला मला कष्ट पडतात. ते कष्ट जातात कुठं? ह्या ताटलीत? नाही. त्या ताटलीत? नाही. ही मधली जागा मोठी झाली ना, तिच्यात. लांब नेलं म्हणून ताकद कमी झाली नाही. वाढली." आणि ते थांबले. घाम आला होता. एकदाही अडखळले नव्हते. दाजींचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता, लग्नातसुद्धा नाही. हा माणूस उद्या टेबलावर बसून शिक्के मारणार?

सगळे माझ्याकडे बघत होते. ताई तर डोळे रोखून. मी तोंड उघडलं ते नापास म्हणायलाच, शपथेवर सांगते. आणि तोंडातून आलं, "पास."

ताई उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. तिनं माझ्याशी अबोला धरला तो थेट सामान बांधायला घेईपर्यंत. मग एकदा न बोलताच माहेरचा पाटा उचलून माझ्या ओट्यावर आणून ठेवला, आणि आम्ही दोघी त्या पाट्याशेजारी बसून पोटभर रडलो. काचीगुड्याच्या स्टेशनावर दाजी ताटल्या मांडीवर घेऊन बसले होते. गाडी हलेपर्यंत ते डब्यातल्या कुणाला तरी विचारत होते, पत्र्यांत की मधे.

त्यानंतर ते दरवर्षी उन्हाळ्यात यायचे. तिकडे त्यांचं छान चाललं होतं. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची, मराठी ठाकठीक झालं होतं, कंडेन्सरच्या धड्याला शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत येऊन उभी राहायची, असं ताई सांगायची. ताई आणि मी आता भांडत नव्हतो. दिवसभर बोलायचो, आणि बोलणं संपायचं नाही. दाजींचं म्हणणं खरं ठरलं, असं आमचे हे म्हणायचे. मला ते ऐकवत नसे.

अशाच एका उन्हाळ्यात त्यांच्या परत जायच्या दिवशी दुपारी ताई आत पिशव्या भरत होती आणि दाजी माझ्या ओट्यावर चहा पीत बसले होते. इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारून टाकलं. "दाजी, लांब नेलं की वाढते म्हणालात. माणसांचंही तसंच असतं का हो?"

मला वाटलं, आता व्याख्यान. मी चहाचं आधण पुन्हा ठेवायच्या तयारीत होते. दाजींनी कप खाली ठेवला.

"माणसांचं मला माहीत नाही, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "ताटल्यांना करमत नाही असं होत नाही. तुमची बहीण तिकडे रोज सकाळी उठता उठता अर्धवट झोपेतच तुम्हाला हाक मारते. मग कुठं आहोत ते लक्षात येतं, आणि गप्प होते. मी जागा असतो. झोपल्यासारखं करतो." मग म्हणाले, "त्या दिवशी नापास करायला हवं होतंत मला."

"केलं असतं तर रोज कचेरीतून आलात की तुमचं तोंड बघवलं नसतं मला."

"तेही खरंच," दाजी म्हणाले.

तेवढ्यात आतून ताईनं माझ्या नावानं हाक मारली. कशाला मारली कोण जाणे, पिशवीचा बंद सापडत नसेल. दाजींनी एकदम मान वर केली.

"आले गं," मी म्हटलं, आणि उठून आत गेले.